नस्ती क्रमांक ४७ : तीन चाकी बाबागाडी

घरात वस्तू येण्याआधी तिचा कागद यावा लागतो. कागदाआधी आलेली वस्तू ही वस्तू नसते, घटना असते. आणि घटना म्हटली की पंचनामा आला.

हे सत्य सौंसरमध्ये भैय्याजी धोट्यांइतकं कोणालाच पटलेलं नव्हतं. अडतीस वर्षं ते एका सरकारी कार्यालयात बडे बाबू होते. (कार्यालयाचं नाव देत नाही. त्यानं आपलं काही बिघडवलेलं नाही. काही केलेलंच नाही.) या अडतीस वर्षांत त्यांनी एकाही माणसाला ‘नाही’ म्हटलं नाही. माणसं ‘हो’ची वाट पाहत म्हातारी झाली, पण नकार घेऊन कोणी परत गेलं नाही, ही नोंद आजही अबाधित आहे.

निवृत्तीच्या दिवशी कार्यालयानं त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. कागदांना भोकं पाडायचं मशीन त्यांनी स्वतःहून आणलं. दुसऱ्या दिवसापासून घर शिस्तीत चालू लागलं. त्या शिस्तीचे काही ठळक नमुने :

नस्ती क्र. १२, कूलर. मार्चमध्ये दाखल, नोव्हेंबरमध्ये सर्वानुमते मंजूर. (तोवर कोणाचीच हरकत उरली नव्हती.)

नस्ती क्र. १९, मुलगा भूपेंद्र याचं लग्न. फक्त चार महिन्यांत निकाली. मुलीकडची माणसं पांढुर्ण्याची होती आणि पाठपुराव्याला रोज बसने येत.

नस्ती क्र. ३१, मागच्या दाराची कडी. विचाराधीन. (तोवर दाराला वीट लावावी.)

नस्ती क्र. ४७ ऑक्टोबरच्या चौदा तारखेला उघडली. अर्जदार होती एकोणिसाव्या नस्तीतून घरात आलेली सून, अश्विनी. सासऱ्यांची कार्यपद्धती तिनं लग्नाआधीच चार महिने अनुभवलेली असल्यामुळे ती तोंडी काही बोललीच नाही. रेघांच्या कागदावर अर्ज लिहिला आणि चहाच्या कपाखाली ठेवला. तो असा :

१. अर्जदार : सौ. अश्विनी भूपेंद्र धोटे, सून, मु. पो. सौंसर.
२. वस्तू : बाबागाडी, तीन चाकी, नग एक.
३. तीनच चाकं का : पुढचं एकटं चाक चटकन वळतं. आपल्या गल्लीत चार चाकी गाडीचं एक चाक नालीत जातंच. (गल्लीचा नकाशा जोडला आहे. नाली लाल रंगात.)
४. आसन : काढून उलटं बसवता येतं, म्हणजे बसणाऱ्याचं तोंड ढकलणाऱ्याकडे.
५. ठेवण्याची जागा : जिन्याखाली, संत्र्यांच्या रिकाम्या क्रेटशेजारी.
६. प्रयोजन : संध्याकाळच्या फेरीत कनिष्ठ सदस्यास बसावयास जागा, व ज्येष्ठ सदस्यास, उजव्या गुडघ्यामुळे, धरावयास दांडी.
७. मुदत : कनिष्ठ सदस्य चालू लागेपर्यंत व त्यानंतरही.
८. जोडपत्रे : नकाशा एक, फोटो दोन.

भैय्याजींनी अर्ज दोनदा तपासला. डावीकडचा समास दीड इंच हवा होता, तो पावणेदोन भरला. अर्ज परत.

(कागद तपासणाऱ्यानं वाचत बसू नये, वाचत बसला तर तपासणार केव्हा, असं त्यांचं मत होतं. अडतीस वर्षांत त्याला कोणी आव्हान दिलं नव्हतं.)

*

इथे एक गोपनीय टिपण जोडणं भाग आहे. ते नस्तीत नाही.

निवृत्तीनंतर पहिली साडेतीन वर्षं भैय्याजी रोज संध्याकाळी पाच वाजता घरून बसस्टँडपर्यंत जाऊन येत. त्या काळात त्यांना मिळालेले नमस्कार : रोजी सरासरी दोन. (त्यातला एक पत्ता विचारणाऱ्याचा.) मग भूपेंद्रला मुलगी झाली, दामिनी. तिनं मान धरली त्या दिवसापासून भैय्याजी तिला खांद्यावर घेऊन निघू लागले. नमस्कार : रोजी सरासरी तेवीस. पानवाला उठून उभा राहू लागला. नागपूरच्या बसचा कंडक्टर गाडी सुटता सुटता ओरडू लागला, “बडे बाबू, नात काय म्हनते?” दामिनीचा ओला गाल त्यांच्या उजव्या कानाला लागलेला असे आणि त्या तासात त्यांना त्या कानानं काही ऐकू येत नसे. ते त्यांना चालत असे.

(उजवा गुडघा याबाबत वेगळं मत देत असे. त्याची नोंद घेतलेली नाही.)

आता गाडी आली तर काय होणार? दामिनी गाडीत बसणार, तोंड रस्त्याकडे करणार. गाडी सून ढकलणार. आणि अडतीस वर्षं नोकरी केलेला माणूस मागून चालणार, साहेबाच्या मागे शिपाई चालतो तसा. नकार देणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. म्हणून त्यांनी प्रस्ताव विचारात घेतला. हे त्याहून भयंकर असतं.

*

आक्षेप क्र. २ त्यांना आयता मिळाला. तो त्यांच्या पत्नीनं, मनकर्णाबाईंनी, भाकरी थापता थापता नोंदवला.

“तीन चाकं? ताटात तीन पोया वाढत नाही आपन, अन् लेकराले तीन चाकावर बसवता?”

“आई, पुढचं चाक वळते त्याचं,” अश्विनी म्हणाली.

“वळू दे ना बाप्पा. तिघं कुठं निंगाले तर चौथा म्हनून खिशात खडा टाकतो आपन.”

“मग गाडीत टाकू खडा.”

“खडा चाक होय काय?”

हा मुद्दा बिनतोड होता. भैय्याजींनी तो लाल शाईत उतरवून घेतला आणि त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली. पण दोनच दिवसांत अश्विनीनं माळ्यावरून भूपेंद्रच्या लहानपणच्या सायकलचं एक सुटं चाक काढलं, धुतलं आणि अर्जासोबत सादर केलं. गाडीच्या खालच्या टोपलीत ते कायम ठेवलं जाईल, असं हमीपत्र लिहून दिलं. मनकर्णाबाईंनी चाकाला हळदकुंकू लावून आक्षेप मागे घेतला. भैय्याजींना टिपणी लिहावी लागली : ‘चौथे चाक कार्यरत नाही, परंतु उपस्थित आहे.’ (अशा कर्मचाऱ्यांबाबत शासनाचा अनुभव समाधानकारक आहे.)

*

डिसेंबरात स्थळपाहणी झाली. स्थळ : पांढुर्णा, सुधाकरचं सायकल व बाळगाड्यांचं दुकान. उपस्थिती : भैय्याजी, भूपेंद्र, अश्विनी. दामिनीला नेलं नाही, कारण परीक्षणाच्या वेळी हितसंबंधी व्यक्ती हजर असू नये. तिच्याऐवजी तिच्या वजनाची, म्हणजे आठ किलो, संत्री नेली. निष्कर्ष :

गाडी अ, चार चाकी. एक संत्रं घरंगळलं. ते सुधाकरनं खाल्लं. वजनात घट.

गाडी ब, तीन चाकी, लाल. वळण उत्तम. संत्र्यांची तक्रार नाही.

गाडी क, तीन चाकी, निळी. छत वाजतं. संत्री रडली नाहीत, पण ती गाडी अ मध्येही रडली नव्हती, म्हणून हा रकाना कोरा.

गाडी ब भैय्याजींनी दारापासून मागच्या भिंतीपर्यंत ढकलून पाहिली. मग परत. मग पुन्हा. अशा सतरा फेऱ्या झाल्या. सुधाकर काउंटरवर कोपर टेकून पाहत होता.

“बाबूजी, एक सांगू काय? आले तवा तुमी लंगडून राहिले होते. आता एकदम नीट चालून राहिले.”

“तुही फरशी सपाट हाय.”

“आले तवाबी हेच फरशी होती ना जी.”

भैय्याजींनी लिहिलं : ‘दुकानाची फरशी प्रशंसनीय.’ अश्विनीनं सासऱ्यांकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्यात संत्र्याची फोड टाकली. (वजनात आणखी घट.)

“बाबा, घेऊन टाकू काय मग लाल?” भूपेंद्रनं विचारलं.

“अहवाल यायचा हाय अजून.”

“कोन देनार अहवाल?”

“मी.”

“कोनाले?”

“मलेच.”

भूपेंद्र रामाकोना गावच्या शाळेत गणित शिकवतो. त्यानं हे मनात मांडून पाहिलं आणि सोडून दिलं.

*

स्मरणपत्र पहिलं : प्राप्त.
स्मरणपत्र दुसरं : प्राप्त.
स्मरणपत्र तिसरं : प्राप्त. (सोबत चौथं, कोरं. तीन नकोत म्हणून.)

*

जानेवारीतल्या एका गुरुवारी संध्याकाळी, बसस्टँडसमोर, भैय्याजींच्या उजव्या गुडघ्यानं परवानगी न घेता काम थांबवलं. दामिनी खांद्यावर झोपलेली होती. बाजूला फळवाल्याचं एक क्रेट पालथं पडलं होतं. भैय्याजी त्यावर बसले. बसणं सोपं गेलं. उठायला एक हात गुडघ्यावर लागतो आणि एक क्रेटवर. आणि दोन्ही हात दामिनीवर होते. एक हात काढावा, तर ती घसरणार. कोणाला बोलवावं, तर त्याला कारण सांगावं लागणार. म्हणून ते बसून राहिले, तिला छातीशी धरून, समोर पाहत. येणारे-जाणारे नमस्कार करत होते. त्या दिवशीचा आकडा एकसष्ट आहे. तो विक्रम अजून मोडलेला नाही, आणि एकानंही विचारलं नाही की बडे बाबू उठत का नाहीत.

सव्वासहाला अश्विनी शोधत आली.

“मामाजी, घरी नाही यायचं काय?”

“येतो ना. जरासा बसलो.”

“केव्हाचे बसून राहिले?”

“नोंद नाही.”

तिनं दामिनीला एका हातानं उचलून कडेवर घेतलं आणि दुसरा हात पुढे केला. भैय्याजींनी तो आधी तपासला, मग धरला. चार पावलं झाल्यावर ती म्हणाली, “मी पहिल्याच दिवशी लिहून देल्लं होतं जी. सहा नंबर पाहा.”

“अर्ज तपासला हाय मी.”

“तपासला. वाचला काय?”

(वाचकांनी मागे जाण्याची आवश्यकता नाही. मजकूर पुढे पुन्हा दिला आहे.)

घरी येऊन भैय्याजींनी नस्ती काढली. त्रेचाळीस पानं. त्यातली बहुतेक त्यांच्याच अक्षरात. सर्वांत खाली, स्मरणपत्रांच्या, संत्र्यांच्या आणि फरशीच्याही खाली, रेघांचा एक कागद. त्यांनी रकाना सहा वाचला. ‘ज्येष्ठ सदस्यास, उजव्या गुडघ्यामुळे, धरावयास दांडी.’ मग चार वाचला. ‘बसणाऱ्याचं तोंड ढकलणाऱ्याकडे.’ मग सात वाचला, ‘त्यानंतरही’पर्यंत. मग काहीतरी करायला हवं म्हणून हाताशी आलेली भूपेंद्रची पट्टी घेऊन समास पुन्हा मोजला. दीड इंच. तो पहिल्यापासून दीडच होता. त्यांच्या स्वतःच्या पट्टीचा पहिला पाव इंच अडतीस वर्षांत घासून गेला होता.

“अश्विनी,” ते आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, “अक्षर चांगलं हाय तुहं.”

आता मंजुरी तेवढी बाकी होती, आणि इथेच पेच आला. भैय्याजी या प्रस्तावात स्वतः लाभार्थी निघाले. लाभार्थ्याला स्वतःच्या प्रकरणात सही करता येत नाही. नस्ती नियमानुसार वरिष्ठाकडे गेली. वरिष्ठ दुधाचं पातेलं घासत होत्या.

“अहो, आना ना एकदाची! मले कायले विचारून राहिले?”

कालावधी : अकरा सेकंद. नोंद : ‘प्रस्ताव मंजूर. शेरा तीव्र.’

*

सध्याची स्थिती. रोज पाच वाजता लाल गाडी गल्लीतून निघते. नाली डावीकडे राहते. टोपलीत चौथं चाक उपस्थित असतं. दामिनी आजोबांकडे तोंड करून बसते आणि बसस्टँड येईपर्यंत त्यांना काहीतरी सविस्तर सांगते. आता दोन्ही कानांनी ऐकू येतं. दोन्ही हात दांडीवर असल्यामुळे नमस्काराला ते मान हलवतात. सरासरी एकतीस. लंगडणं शून्य. रस्ता खराब आहे, तरी फरशीचं श्रेय त्यांनी अद्याप मागे घेतलेलं नाही.

मागच्या दाराची कडीही बसली. नस्ती क्र. ३१ चा अर्ज त्यांनी परवा वाचला. त्यात ‘चोर’ असा शब्द होता.

राहता राहिली एक औपचारिकता. अश्विनीचा तो अर्ज आपल्याही समोर होता. पहिल्याच पानावर, अख्खा, सहाव्या रकान्यासह. आपण तो तपासलात. समासाला हसलात. ज्यांनी सहावा रकाना वाचलाच नव्हता, त्यांचं ठीक आहे, ते भैय्याजींसारखे आहेत. ज्यांनी वाचला होता आणि तरी ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत गंमत पाहत शांत बसले, त्यांच्याविषयी भैय्याजींना विशेष आदर आहे. त्यांच्या जुन्या कार्यालयात एक जागा रिकामी आहे आणि इतका पात्र उमेदवार त्यांच्या पाहण्यात नाही.

अर्ज करावा. समास डावीकडे दीड इंच.