तीन रतलांची शिस्त

चौलच्या हरीमास्तरांनी नोकरीच्या चौदा वर्षांत कुठल्याच पोरापुढे हात टेकले नव्हते. त्यामुळे आपली साडेपाच वर्षांची मुलगी नीट जेवत नाही, ही बायकोची तक्रार त्यांनी दोन वर्षं शांतपणे ऐकून घेतली आणि मग एका रविवारी, पाटावर बसल्या बसल्या जाहीर केलं की हा प्रश्न आपण आठ दिवसांत निकालात काढतो.

प्रश्नाचं नाव पद्मा. तिच्या जेवणाची तऱ्हा अशी की दोन घास खाऊन ती उठायची आणि सुपारीच्या वाडीत पळायची. मग अंबिका, म्हणजे तिची आई, दूधभाताची वाटी घेऊन मागोमाग. रहाटाला वळसा घालून, फणसाखालून, कुंपणापर्यंत जायचं आणि परत यायचं. अर्ध्या तासाने वाटी रिकामी होई. त्यातला निम्मा भात पद्माच्या पोटात गेलेला असे, निम्मा वाडीतल्या कोंबड्यांच्या. कोंबड्या चांगल्या बाळसेदार झाल्या होत्या.

मास्तरांनी मुंबईहून मागवलेल्या एका आरोग्याच्या पुस्तकात वाचलं होतं की पोराच्या मागे वाटी घेऊन धावणं हेच सगळ्या रोगाचं मूळ आहे. सकाळी दहाला आणि संध्याकाळी सातला पान मांडायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, खाल्लं तर ठीक, नाही तर पान उचलायचं. मध्ये खोबऱ्याचा तुकडासुद्धा नाही. भूक लागली की पोर आपण होऊन पाटावर येतं.

अंबिकेचं म्हणणं वेगळं होतं. पद्माला भूक लागते, पण खेळाच्या नादात ती विसरते. कुणीतरी तिला आठवण करून द्यायला हवी.

“भूक म्हणजे काय मामलेदार कचेरीची नोटीस आहे, घरी जाऊन बजावायला?” मास्तर म्हणाले.

आणि त्या भरात त्यांनी पैज लावली. आठ दिवसांत पद्माने स्वतःहून पान चाटूनपुसून साफ केलं नाही, तर ते स्वयंपाकघराच्या कुठल्याही बाबतीत जन्मात तोंड उघडणार नाहीत. अंबिकेचा या शिस्तीवर काडीचा विश्वास नव्हता, पण पैजेतलं हे शेवटचं कलम इतकं मोहाचं होतं की तिने होकार देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी शाळेत हेडमास्तर पुढच्या रविवारच्या पालकसभेसाठी वक्ता शोधत होते. मास्तर तत्काळ उभे राहिले. विषय दिला, ‘मुलांचा आहार आणि शिस्त’. वर असंही सांगून बसले की नुसतं भाषण करणार नाही, जिवंत पुरावा घेऊन येईन.

त्या सोमवारी सकाळी पुराव्याने पानातली कोशिंबीर चिमटीने उचलून पाहिली, परत ठेवली आणि भाताचे डोंगर करण्यात पंधरा मिनिटं घालवली. मास्तरांनी घड्याळ पाहिलं आणि पान उचलायला सांगितलं. अंबिकेने ते असं उचललं की भांड्यांचा आवाज कुंपणापलीकडे शेजारच्या ठमाबाईला ऐकू गेला. संध्याकाळी सातला पुन्हा तेच झालं. पद्मा मजेत झोपली. मास्तरांना मात्र झोप लागेना. पुस्तकात लिहिलं होतं की पहिल्या दिवशी पालकांनी मन घट्ट करावं. कशाने करावं, ते लिहिलं नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला ते शाळेतून आले तेव्हा अंबिका विहिरीवर गेली होती. पद्मा ओटीवर सागरगोटे खेळत होती. मास्तरांना तिची मान फार बारीक झाल्यासारखी वाटली. सुपारीच्या खोलीत राजेळी केळ्यांचा घड पिकायला टांगला होता. त्यांनी एक केळं सोलून तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, “एवढं खा, माझ्यासाठी. पण आईला सांगायचं नाही हं.” पद्माने मान हलवली. एक केळं म्हणजे काही जेवण नव्हे, हा नियमाचा अर्थ त्यांनी तिथल्या तिथे लावला. बुधवारी हाच अर्थ दोन केळ्यांना लागू झाला.

गुरुवारी त्यांना वाटलं, निदान मुलगी किती वाळली ते तरी कळावं. वाडीत सुपारी जोखायचा मोठा तराजू होता. त्यांनी पहिल्या दिवशी भाषणात आकडा लागेल म्हणून पद्माला त्यात बसवून जोखलं होतं. आता एका पारड्यात पुन्हा तिला बसवली, दुसऱ्यात वजनं टाकली. काटा पाहून ते चक्रावले. मुलगी दीड रतल, म्हणजे जवळजवळ पाऊण शेर, वाढली होती.

चार दिवसांत पानातलं अन्न तिने नुसतं बोट लावून सोडून दिलं होतं. तीन-चार केळ्यांनी दीड रतल वाढायला ती काय म्हशीची रेडकी होती? मास्तरांनी खूप विचार केला आणि अखेर त्यांना उमगलं. शिस्त. अवेळी खाणं थांबलं की शरीर थोडक्या अन्नाचंही सोनं करतं. हे तर त्या पुस्तकातसुद्धा नव्हतं. त्यांनी ते भाषणात घालून टाकलं.

अंबिकेला आकडा सांगितला तेव्हा ती नुसती “हं” म्हणाली आणि चुलीकडे वळली. बायको हरल्यावर अशीच गप्प होते, असं मास्तरांना वाटलं.

गावातही काहीतरी बदललं होतं. रस्त्याने जाताना बायका त्यांच्याकडे टक लावून बघत आणि ते जवळ आले की बोलणं थांबवत. नारळ पाडायला येणारा भागोजी एरवी त्यांच्याशी तासभर गप्पा मारायचा. शुक्रवारी त्याने नुसतं त्यांच्या तोंडाकडे पाहून मान हलवली आणि झाडावर चढला. भाषणाची बातमी पसरली, लोक आदराने वागू लागले, असं समजून मास्तर सुखावले. शनिवारी फक्त ठमाबाई कुंपणाशी येऊन उभी राहिली.

“मास्तर, लेकराच्या पोटाला काय करता?” तिने विचारलं.

“रविवारी सभेला या, सगळं सांगणार आहे,” मास्तर म्हणाले.

“येतेच,” ठमाबाई म्हणाली. तिचा सूर मास्तरांना जरा कडक वाटला.

रविवारी शाळेचा मोठा वर्ग भरून गेला. एरवी पालकसभेला आठ-दहा पुरुष येत. आज एका बाजूला बायकाच चाळीस होत्या. ठमाबाई पहिल्या ओळीत मांडी घालून बसली होती, मागे अंबिका. सकाळच्या तराजूने तीन रतल दाखवले होते, त्यामुळे मास्तर रंगात होते. त्यांनी आजकालच्या आयांची खबर घेतली, वाटी घेऊन धावण्याची नक्कल केली, पुरुषांना हसवलं आणि मग पद्माला टेबलाजवळ उभी केली.

“ही माझी मुलगी. सात दिवस हिला जेवणाच्या वेळेखेरीज घरात एक कण दिलेला नाही. आणि हिचं वजन,” मास्तर क्षणभर थांबले, “तीन रतल वाढलं आहे.”

वर्गात कुजबुज झाली. त्यांना वाटत होतं टाळ्या पडतील. हेडमास्तरांना मात्र राहवलं नाही. ते सज्जन गृहस्थ, त्यांनी पद्माला जवळ घेऊन प्रेमाने विचारलं, “बाळ, सभेपुढे खरं बोलायचं असतं. या आठवड्यात तू काय काय खाल्लंस ते सांग बघू.”

पद्माने वडलांकडे पाहिलं, मग आईकडे. ती पेचात पडलेली दिसली.

“कुठलं आधी सांगू?” तिने विचारलं. “आईला सांगायचं नाही ते, की बाबांना सांगायचं नाही ते?”

पुरुषांच्या बाजूने पहिला हशा उठला. मास्तरांच्या हातातली भाषणाची पानं खाली पडली. ती उचलायला ते वाकले आणि जरा जास्तच वेळ वाकलेले राहिले. वरून पद्माचा आवाज येत होता. बाबांची केळी. आईचे रव्याचे लाडू, रोज पाचला दोन, बाबा यायच्या आत. ठमाबाईंकडे सकाळी भाकरी आणि भाजलेला बोंबील, दुपारी घावन आणि गूळ घातलेला नारळाचा रस. भागोजीकाकांचं शहाळं, मलईसकट. शिवाय पलीकडच्या आळीतल्या ज्या ज्या बायकांनी ‘गरीब बिचारी’ म्हणून ओटीवर बोलावलं, त्यांची नावं तिला ठाऊक नव्हती, म्हणून तिने एकेकीकडे बोट दाखवायला सुरुवात केली. बायकांनी पदर तोंडाला लावले. कुणी रडत नव्हतं.

ठमाबाई उठून उभी राहिली. “मग? पान उचललेलं मी माझ्या कानांनी ऐकलं. पोर उपाशी हाय आणि मी गप बसायचं व्हय?”

शेवटी हेडमास्तरांनी आभार मानले. मास्तरांनी मुलीला खाण्याची शिस्त किती लावली ते सांगता येणार नाही, पण खरं बोलण्याची मात्र उत्तम लावली आहे, असं ते म्हणाले. टाळ्या त्या वाक्याला पडल्या.

तिघं वाडीच्या वाटेने घरी निघाली.

“केळी कधीपासून?” अंबिकेने विचारलं.

“मंगळवारपासून. लाडू?”

“सोमवारपासून.” ती थोडी पुढे चालली. “मला वाटलं, वजन माझ्या लाडवांनी वाढलंय, आणि तुम्ही सगळं श्रेय घेऊन बसणार. बोलताही येईना.”

मास्तरांना हसू आलं. अंबिकेलाही आलं, पण तिने ते पैजेचं कलम आठवून आवरलं.

“पण पद्मा,” मास्तर म्हणाले, “तुला एवढी भूक लागत होती, तर पानातलं का नाही खाल्लंस?”

“भूक कुठे लागत होती?” पद्मा म्हणाली. “तुम्ही म्हणालात, माझ्यासाठी खा. आईपण म्हणाली. ठमाबाई तर रडायलाच लागल्या. मग मी खाल्लं. आता माझं पोट दुखतंय.”

घरी पोचेपर्यंत ते चांगलंच दुखू लागलं. ओव्याचं पाणी झालं, पोट शेकून झालं. वैद्यांनी येऊन तिच्या पोटावर टिचकी मारली, ते टरबुजासारखं वाजलं. दोन दिवस पेजेच्या पाण्याखेरीज काही देऊ नका, आणि कुणाला देऊही देऊ नका, असं त्यांनी बजावलं. अंबिका स्वतः ठमाबाईकडे आणि पलीकडच्या आळीत घरोघरी जाऊन सांगून आली.

बुधवारी सकाळी दहाला मास्तर जेवायला बसले होते. अंबिका वाढत होती. कुणी हाक मारली नव्हती, तरी वाडीतून पद्मा धावत आली, आपला पाट आपणच ओढला आणि म्हणाली, “आई, मला भूक लागली. भात वाढ.”

तिने भात खाल्ला, आमटी खाल्ली, पुन्हा भात मागितला आणि पान चाटूनपुसून साफ केलं. मास्तर घास हातात धरून बघत राहिले. पुस्तकातलं ते वाक्य, भूक लागली की पोर आपण होऊन पाटावर येतं, त्यांच्या अगदी जिभेच्या टोकावर आलं. पण आठ दिवसांची मुदत परवाच संपली होती.

अंबिकेने पळी हातात धरून त्यांच्याकडे पाहिलं. “काही म्हणालात?”

“आमटी छान झाली आहे, म्हटलं,” मास्तर म्हणाले. मग तेही स्वयंपाकघराच्या बाबतीतच येतं हे ध्यानात येऊन ते मुकाट्याने जेवू लागले.