शंभराव्या पानावरचं नांदेड

"नांदेडची पब्लिक काय चीज आहे ते आज दिसेल तुम्हाला, काका. येताना सहीचा पेन घेऊन या," असं विशाखा सोनकांबळेनं रविवारी सकाळी अहमदपूरला फोन करून ठणकावलं. फोन ठेवला आणि मग आपण काय बोलून बसलो ते तिला कळलं. कारण नांदेडची पब्लिक काय चीज आहे, हे खुद्द नांदेडलाही कार्यक्रम संपल्याशिवाय कळत नाही.

पण माघार घेणं शक्य नव्हतं. भांडण वडिलोपार्जित होतं.

विशाखाचे वडील आनंदराज विष्णुपुरीच्या धरणावर अभियंता होते आणि वैजनाथ बिरादार यांचं अहमदपूरला बी-बियाणांचं दुकान. पॉलिटेक्निकच्या होस्टेलमध्ये दोघांना एक खोली, एक टेपरेकॉर्डर आणि एक कॅसेट मिळाली, आणि दोघंही कायमचे रॉकच्या नादी लागले. पुढं तीस वर्षं, जिथं म्हणून इलेक्ट्रिक गिटार वाजणार अशी खबर लागली तिथं हे दोघं हजर. हैदराबाद झालं, पुणं झालं, सोलापूर झालं. रजेच्या अर्जात आनंदराज कारण लिहायचे 'घरगुती'. गेल्या तीस वर्षांत सोनकांबळ्यांच्या घरी इतकी घरगुती कारणं निघाली, की साहेब एकदा काळजीनं घरी विचारपूस करायला आले होते.

कार्यक्रम झाला की पुढच्या रविवारी दोघं अहमदपूरच्या बसस्टँडवर भेटत. कँटीनमधल्या पंख्याखालच्या टेबलावर चहा मागवून कार्यक्रमाचं पोस्टमॉर्टेम चाले. आनंदराज धरणाच्या पाणीपातळीची नोंद ठेवायचे, त्याच शिस्तीत त्यांनी एक वही आखली होती. पहिलं गाणं, शेवटचं गाणं, गाण्यांचा क्रम, वन्स मोअर किती, उभे राहिले किती, आणि लाल शाईत शेवटचा रकाना: मधूनच उठून गेले किती. गायकापेक्षा ऐकणाऱ्यांवर त्यांची जास्त नजर असे. "गाणारे सगळीकडं सारखेच गातात, वैजा. कार्यक्रम पब्लिक करती," हे त्यांचं ठाम मत.

इथवर दोघांचं एकमत होतं. पण पब्लिक कुणाची भारी, नांदेडची का लातूरची, इथं मैत्री संपायची. वैजनाथकाका लातूर जिल्ह्याचे, त्यामुळं लातूरसाठी जीव द्यायला तयार. नियम असा ठरला होता, की ज्या दिवशी एकच बँड दोन्ही गावांत वाजेल, त्या दिवशी निकाल. हरणाऱ्यानं वहीत सही करायची. तीस वर्षं असा बँड काही आला नाही.

गेल्या सप्टेंबरात आनंदराज गेले. वहीत नव्व्याण्णव कार्यक्रम झाले होते. शंभरावं पान त्यांनी आधीच आखून ठेवलं होतं आणि वर लिहून ठेवलं होतं: नांदेड.

आणि आता बँड आला. 'कातळ' नावाचा, पुण्याचा. शनिवारी लातूर, रविवारी नांदेड.

शनिवारी विशाखा लातूरला जाऊन आली होती. लातूरच्या पब्लिकनं कमाल केली होती. ते क्लासचं गाव. अडीच तास एक माणूस खुर्चीवरून हलला नाही. गायकानं "आवाज!" म्हटलं की एका ठेक्यात आवाज, "शांत" म्हटलं की शांत. शेवटी गायकानं गमतीनं विचारलं, मागच्या अल्बममधलं दुसरं गाणं कोणतं, तर दीडशे हात वर झाले. मधूनच उठून गेलेले: शून्य. त्यावर कडी म्हणजे कार्यक्रम संपल्यावर वैजनाथकाका स्टेजवर चढले आणि गायकाच्या पायाजवळ चिकटवलेली गाण्यांची यादी, जिला हे लोक सेटलिस्ट म्हणतात, ती उचकटून घेऊन आले. आनंदराजांना उभ्या जन्मात एकही सेटलिस्ट मिळाली नव्हती. काकांनी ती रातोरात लॅमिनेट करून घेतली.

त्यामुळं रविवारी विशाखाचे बेत तीन होते. नांदेडच्या पब्लिकला जिंकवायचं. सेटलिस्ट मिळवायची. आणि सुरुवातीला वडिलांसाठी दोन मिनिटं स्तब्धता पाळायला लावायची. आपल्याकडं कार्यक्रम रॉकचा असो की पाककलेचा, आधी श्रद्धांजली, मग सत्कार, मग कार्यक्रम. वडिलांनी जन्मभर उभे राहिलेले लोक मोजले, एकदा त्या लोकांनी त्यांच्यासाठी उभं राहावं, एवढंच तिला हवं होतं.

कार्यक्रम विष्णुपुरीच्या रस्त्यावर अमरेशशेठच्या लॉन्सवर होता. कालच तिथं लग्न झालं होतं. खुर्च्यांना अजून गुलाबी झबली आणि मागं फुलाची गाठ. सूत्रसंचालनाला शिवलिंग सर. हे निवृत्त मुख्याध्यापक. बारशापासून उद्घाटनापर्यंत सगळं त्यांच्याच आवाजात होतं. त्यांच्या हातातल्या कागदावर इतकी खाडाखोड झाली होती, की त्यांनी विशाखापुढं कोरा कागद धरला. "ताई, तुमचं अक्षर बरं हाय. तुम्हीच लिव्हा नीट."

विशाखानं सुवाच्य अक्षरात लिहिलं: एक, कालकथित आनंदराज सोनकांबळे, दोन मिनिटे स्तब्धता. दोन, सत्कार, अमरेशशेठ. तीन, सत्कार, गुंडप्पा मंडपवाले. चार, सत्कार, उमाबाई, माजी सभापती. पाच, आभार. कागद सरांना दिला आणि ती आईला खुर्ची धरायला गेली.

इथंच घात झाला. सरांनी छातीला बिल्ला लावायला दोन्ही हात मोकळे केले आणि कागद शेजारच्या स्पीकरवर ठेवला. त्याच स्पीकरवर बँडच्या माणसानं गायकाची सेटलिस्ट क्षणभर पालथी ठेवली होती. बिल्ला लागला. सरांनी एक कागद उचलून खिशात घातला. बँडच्या माणसानं उरलेला उचलून काळ्या पट्टीनं माइकच्या पायाशी चिकटवला. दोघंही आपापलं काम चोख करणारे. वाचून बघायची दोघांनाही गरज वाटली नाही.

सात वाजता सरांनी माइक हातात घेतला, कागद उघडला, आणि त्यांना छापील इंग्रजीत चौदा ओळी दिसल्या. तीस वर्षांत सर माइकवर अडखळलेले कुणी पाहिले नव्हते आणि आजही त्यांनी ती संधी दिली नाही. वेळेअभावी सर्व मान्यवरांचं शब्दसुमनांनी स्वागत करतो, असं म्हणून ते वीस सेकंदांत खाली उतरले. शाल घ्यायला जाकिटाचं बटण लावून अर्धवट उठलेले अमरेशशेठ तसेच अर्धवट राहिले. नांदेडात कार्यक्रम वेळेवर सुरू झाला, आणि त्यासाठी कुणाचीच तयारी नव्हती.

विशाखानं मागितलेली स्तब्धता बुडाली. दोन मिनिटं गेली. वडिलांचं नावसुद्धा निघालं नाही. आणि आता ढोल-गिटारच्या दणक्यात निघणार तरी कसं?

पुढचा अर्धा तास नांदेडनं तिच्या जखमेवर मीठ चोळलं. लोक पहिल्या गाण्याला गाड्या लावत होते, दुसऱ्याला पाव्हण्यांना जागा धरत होते. तिसऱ्या गाण्यात एक गृहस्थ स्पीकरपुढं उभं राहून फोनवर ओरडत होते, "हाव, कार्यक्रमातच हाय! न्हाई, काही ऐकू येऊन नाही राहिलं!" पुढच्या रांगेतल्या बायका स्टेजकडं पाठ करून मागच्या रांगेतल्या विहीणबाईंशी बोलत होत्या. तिकडं चहाची गाडी लागली आणि रांगाच्या रांगा उठल्या. विशाखानं लाल रकान्यात मोजायला घेतलं. एक्केचाळीसपर्यंत मोजून तिनं पेन्सिल खाली ठेवली.

शेजारी वैजनाथकाका मांडीवर ताल धरून बसले होते. पलीकडं आई, पार्वतीबाई. तीस वर्षं नवऱ्याच्या या नादाला नावं ठेवली, आज पहिल्यांदाच असल्या कार्यक्रमाला आल्या होत्या, कानांत कापूस घालून.

तिसरं गाणं संपलं. इथवरचा क्रम गायकाला पाठ होता. चौथ्यासाठी त्यानं पायाशी बघितलं.

गायक अनुभवी होता. गावोगावचे आयोजक ऐनवेळी नावं घ्यायला लावतात हे त्याला माहीत होतं. गाण्यांच्या जागी नावं दिसल्यावर तो डगमगला नाही. पहिला शब्द त्याला अडला, शेवटची स्तब्धता काळ्या पट्टीखाली गेली होती; मधलं नाव तेवढं त्यानं उचललं आणि माइक ओठाशी नेऊन आरोळी ठोकली.

"आनंदराज सोनकांबळे! कुठं आहेत आनंदराज?"

लॉन्सवर चिडीचूप झालं. चौथ्या-पाचव्या रांगेत धरणावरचे जुने लोक बसले होते, विशाखानं आग्रहानं बोलावलेले. त्यांना स्तब्धता होणार एवढंच सांगितलेलं होतं. नाव ऐकताच ते सवयीनं उठले, हात पुढं बांधले, माना खाली घातल्या. ते उठले म्हणून मागचे उठले. कुणीतरी गेलंय हे आपल्याकडं सांगावं लागत नाही. विहीणबाई उठल्या. चहाच्या गाडीपाशी गेलेले कप हातात घेऊन जागच्या जागी थांबले. फोनवाल्या गृहस्थांनी फोन खिशात घातला. अख्खं लॉन उभं, आणि आवाज फक्त जनरेटरचा.

गायकानं आयुष्यात पुष्कळ पब्लिक पाहिली होती. असली नव्हती. त्यानं वळून ड्रमवाल्याकडं पाहिलं. ड्रमवाल्यानं काठ्या मांडीवर ठेवल्या. चांगली दोन मिनिटं गेली असतील. मग गायकानं जरा चाचरत, पण माइकवरच विचारलं, "आनंदराज... आलेत ना?"

बोलल्या पार्वतीबाई. कानातला कापूस काढून, नेहमीच्या आवाजात, जसं दारात आलेल्या माणसाला सांगावं तसं.

"न्हाई आले. या वर्षी न्हाई जमलं त्यांना."

गायकाला वाटलं, माणूस प्रवासात अडकला असेल. "मग त्यांना तिकडं ऐकू गेलं पाहिजे," तो म्हणाला, आणि ड्रमवाल्याला खूण केली. "आनंदराज!"

पहिली हाळी धरणावरच्या लोकांनी दिली. पाण्याच्या आवाजावरून बोलायची सवय असलेले ते गळे. दुसऱ्या वेळी लॉन ओरडलं. तिसऱ्या वेळी गोदावरीच्या पलीकडच्या काठावरची कुत्री भुंकायला लागली. खाली बसायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. खुर्च्या गुलाबी झबल्यांसकट कडेला गेल्या. गायक आता पेटला होता. कागदावर पुढं जे जे होतं ते सगळं त्यानं गाण्यात घेतलं. "सत्कार!" तो गुरगुरला, आणि चारशे माणसं गुरगुरली, "सत्कार!" अमरेशशेठ स्वतःचं नाव ऐकून जाकिटाच्या बटणासह खुर्चीवर चढले. गुंडप्पा मंडपवाले आपण उभारलेल्या खांबाला मिठी मारून नाचले. उमाबाईंनी पदर खोचून, सभापतिपदाच्या काळात धरला नसेल असा ठेका धरला. "आभार!" वर तर गिटारची तार तुटली.

पुढचं सगळं बाकीच्या वादकांकडच्या याद्यांवर निभावलं. दर गाण्यानंतर नांदेडनं वन्स मोअर मागितला, आणि तो गाण्याला नव्हे, आनंदराजला. कार्यक्रम नऊला संपला तेव्हा सगळ्यांत जास्त घसा बसला होता तो वैजनाथ बिरादार यांचा. लातूरचा माणूस तीस वर्षं ज्याच्याशी भांडला, त्याच्या नावानं दीड तास ओरडला होता.

विशाखा धावत स्टेजवर चढली आणि माइकच्या पायाशी चिकटलेला कागद सोडवून घेऊन आली. अखेर सोनकांबळ्यांच्या घरात सेटलिस्ट आली! उजेडात बघते तर अक्षर तिचंच. वर गायकाच्या बुटाचा ठसा.

काकांनी हसून घेतलं, मग वही मागितली. "उभे राहिले किती? सगळे," म्हणत तो रकाना भरला. लाल रकान्यातल्या एक्केचाळीस रेघा मात्र त्यांनी खोडल्या. ते लोक चहा घेऊन परत आले होते, आणि परत आलेले मोजायचे नाहीत हा आनंदराजांचाच नियम.

"मग शून्य लिहा," विशाखा म्हणाली.

काकांनी लिहिलं: एक.

"कोण गेलं उठून?"

"आनंद्या," काका बसलेल्या आवाजात म्हणाले. "तीस वर्षं माझ्या सहीसाठी तंडला, आन् सही करायची वेळ आली तर उठून गेला." आणि त्यांनी खाली सही केली, पूर्ण नाव, गाव, तालुक्यासकट.

पार्वतीबाईंनी कापूस परत कानात घातला, कार्यक्रम संपलेला असूनही.

उरला फक्त गाण्यांच्या क्रमाचा रकाना. एकही गाणं कुणी टिपलं नव्हतं. शेवटी विशाखानं तो कागदच गोंद लावून पानावर चिकटवला, चांगला दाबून. तेवढ्यात हातावर तीन शाली टाकून शिवलिंग सर समोर उभे राहिले. त्यांच्या मागं अमरेशशेठ, गुंडप्पा आणि उमाबाई ओळीनं.

"ताई, ती यादी बघू. सत्कार राहून गेलेत."

यादी आता निघणार नव्हती. म्हणून विशाखा वही उघडी धरून स्टेजवर उभी राहिली, अमरेशशेठनी जाकिटाचं बटण पुन्हा लावलं, आणि शिवलिंग सरांनी घसा साफ करून चारशे रिकाम्या खुर्च्यांना सांगितलं, की आता आपण कार्यक्रमाला सुरुवात करत आहोत.