काळ्याखालचं तांबडं

दाजीकाका दगड चाटून बघतात. आमच्या मिठबावात कुणी विहीर खणायला घेतली की ते काठावर उकिडवे बसतात, वर आलेला खडा पंच्याला पुसतात, जिभेला लावतात आणि डोळे मिटतात. खडा चिकटला तर त्याची माती व्हायला लागली आहे; नाही चिकटला तर, "हो अजून तरणो आसा."

सत्तरी ओलांडलेल्या दाजीकाकांनी जन्मभर हाताने विहिरी खणल्या. त्यांच्या धंद्याचा एक नियम होता: जांभा संपून काळा कातळ लागला की नारळ फोडायचा आणि वर यायचं. काळा म्हणजे पृथ्वीचा तळ.

हा नियम एका एसटीत मोडला. घाटात रस्ता रुंद करायला डोंगर उभा कापला होता. खिडकीतून दाजीकाकांना दिसलं, की काळ्या थराखाली तांबडी रेघ आहे, तिच्याखाली पुन्हा काळा आणि पुन्हा तांबडी. त्यांनी ओरडून गाडी थांबवली आणि मधेच उतरले. पुतण्याच्या लग्नाला पोचले ते पंगत उठल्यावर.

तेव्हापासून भेटेल त्याला सह्याद्री ऐकावा लागतो. "ज्वालामुखी म्हणजे चुलीसारखो डोंगर नाय रे मेल्या. हंय भुंयच फाटली. रस भायर इलो, पसारलो, थंड होवन काळो झालो. मगे आग थांबली. पाऊस पडलो, काळ्याची माती झाली. आणि मगे परत आग!" असे थरावर थर चढत गेले. मग समुद्राकडची बाजू खचली, पावसाने कडे कोरले, आणि उरला तो सह्याद्री. आणि आमचा जांभा? "तो पावसान म्हातारो केललो काळोच."

मला प्रवचनं सोसत नाहीत. पण या प्रवचनात मधूनमधून काकी बोलतात, म्हणून मी बसतो.

"जगाक पाणी दाखवतास आणि माझ्या डोक्यार कळशी," असं त्या म्हणतात, आणि ते खरं आहे. त्यांच्या परसातली विहीर कोरडी आहे. लग्नानंतर दाजीकाकांनी ती काकींसाठीच खणली होती. काळा लागला, वर आले. तेव्हापासून काकी खालच्या झऱ्यावरून पाणी आणतात. आता नळ आला आहे. पाणी यायचं आहे. "पृथवीचा पोट बघा, पण माझी ढोपरां पण बघा."

"मग तुमचीच आणखी खोल का खणत नाही?" मी एकदा दाजीकाकांना विचारलं.

"आणि खाली काळोच निघालो तर?" म्हणाले, आणि विषय घाटावर नेला.

गेल्या उन्हाळ्यात मी विहीर खणायला घेतली. आधी पाणाडी आला. त्याच्या तळहातावरचा नारळ जिथे उभा राहिला, तिथे सावली होती आणि बसायला कट्टाही. दाजीकाकांनी जागा बदलायला लावली, त्यांच्या परसाच्या दगडी गडग्याला लागून. बारा हातांवर काळा लागला. खणणाऱ्यांनी रीतीप्रमाणे नारळ मागितला.

"नारळ खावा आणि खणा," दाजीकाका म्हणाले.

काँप्रेसर आणला. आणखी सहा हात फोडल्यावर खालून ओरड झाली. तांबडं!

दाजीकाका मला शिडीने खाली घेऊन गेले. "हात लाव." वर काळा, खाली काळा, मधे वीतभर तांबडी माती. तिच्या वरच्या कडेने पाण्याची बारीक धार सुटली होती.

"याला किती वर्षं लागली असतील?" मी विचारलं.

"माका खंय ठावक? पण कोणाक घाई नव्हती."

एक आग विझली होती, दुसरी पेटायची होती. मधल्या काळात इथे पाऊस पडत होता, आणि त्या पावसात भिजायला पृथ्वीवर माणूस नव्हता. त्या पावसाची माती माझ्या बोटांना लागली होती. अशा प्रसंगी मला सहसा काहीतरी खवचट सुचतं. त्या दिवशी मी बोटं पुसायचंही विसरलो.

वर आलो तर सगळे नाचत होते. दाजीकाकांनी मात्र दोरी उचलली आणि गडगा ओलांडून आपल्या परसात गेले. मी मागोमाग. कोरड्या विहिरीत दोरी सोडून त्यांनी ती हातांनी मोजली. दोनदा मोजली.

"तुजा किती हातार लागला?"

"अठरा."

"मी तेरार थांबलंय."

कोट्यवधी वर्षांची मजल एका दमात मारणारा माणूस पाच हातांपाशी अडकला.

काकी दारात आल्या. "काय झाला?"

"पाणी हंयच होता," ते दोरीकडे बघत म्हणाले. "मी आधी वयर इलंय."

काकींनी विहिरीत डोकावून पाहिलं. त्या काही टोमणा मारतील म्हणून मी वाट बघत होतो.

"चला," त्या म्हणाल्या. "जेवान थंड होता."

दुसऱ्या दिवशी काँप्रेसर त्यांच्या परसात गेला. त्याच सकाळी झऱ्याच्या पायवाटेने दाजीकाका वर येताना दिसले, खांद्यावर भरलेली कळशी, पंचा पार भिजलेला. आमच्याकडे पुरुष कळशी वाहत नाहीत. "काय दाजीनू, बढती झाली?" कुणीतरी गडग्यावरून विचारलं. त्यांनी कळशी सावरली, पाणी आणखी सांडलं. मागून काकी रिकाम्या हातांनी येत होत्या. ते हात कुठे ठेवायचे हे त्यांना कळत नव्हतं.

"सगळा सांडतास. खांद्यार नको, कमरेर घेवा," त्या म्हणाल्या. "डोक्यार जमाक वर्सां लागतत."