शेवटच्याचे पाय

पहिला कोण आला, हे झिंगरूजींनी कधी पाहिलंच नाही. दर सव्वीस जानेवारीला दिघोरीच्या आमच्या शाळेतून गावातल्या गड्यांची लांब पल्ल्याची दौड निघायची, फाट्यावरून वळून परत शाळेत. पहिला आला की आरडाओरडा, हार, फोटो. शाळेचे शिपाई झिंगरूजी तेव्हा मैदानाच्या कोपऱ्यात तीन दगडांच्या चुलीवर मोठ्या पातेल्यात, गंजभर पाणी तापवत बसलेले असत. शेवटच्यासाठी.

शेवटचा आला की ते पाहुण्यांसाठीची हातांची खुर्ची आणायला जात. एकदा तिच्यावर प्रमुख पाहुणेच बसलेले होते. "उठा साहेब, खुर्चीवाला आला," म्हणून त्यांना उठवलं! मग त्या घामाघूम गड्याला बसवायचं, कोमट पाण्यानं त्याचे पाय धुवायचे, तोंडात गुळाचा खडा घालायचा आणि म्हणायचं, "आला न बापा! झालं!"

एरवीही तेच. पंगतीत शेवटी, एसटीत शेवटी. सगळे चढल्याशिवाय हे चढत नसत. दोनदा गाडी त्यांना सोडून गेली, तरी खोड गेली नाही.

सत्तरच्या दशकातलं ते शेवटचं वर्ष असावं. मागे राहिलेले दोघे जण दौड संपते त्या दोरीपाशी येऊन थांबले. "तू जा." "नाही, तू जा." दोघांनाही खुर्ची हवी होती. लोक पोट धरून हसले. मीही हसलो, त्याची आज लाज वाटते. झिंगरूजींनी लाथेनं गंज उलथवला.

"मांगं राहनं मजाक होय का बे?"

ते तरातरा शाळेमागे निघून गेले. त्या दोघांनी गुपचूप दोरी ओलांडली, गाव पांगलं. मी झिंगरूजींच्या मागोमाग गेलो.

"काहून एवढे चिडले, झिंगरूजी?"

ते भिंतीला टेकून खाली बसले. मग म्हणाले, "गुरुजी, बायकोले ताप होता. साकोलीच्या दवाखान्यात नेऊन राहिलो होतो. मोटर सुटन म्हणून मले घाई. मी पुढं, थे मांगं. लवकर चाल, लवकर चाल म्हणत गेलो, वळून एकदाबी पाह्यलं नाही. फाट्यावर मोटर थांबवली, डायवरले हात जोडले. थे आलीच नाही. परत गेलो त पळसाखाली बसून होती. जीव गेला होता. पाय सुजून हे एवढे."

बाजाराला जाताना माझी बायकोही दहा पावलं मागेच असते.

एकाएकी ते उठले. "गुरुजी, बावीस गेले होते. आले एकवीस."

धावणाऱ्यांची यादी माझ्याच खिशात होती. मी ती पाहिलीच नव्हती.

पाणी तर सांडलं होतं. गुळाचा खडा घेऊन ते फाट्याच्या रस्त्याला लागले, सोबत मी. मैलभरावर लंगडत येणारा लक्ष्मण दिसला, गावात बिड्या वळणारा, पन्नाशीचा. आम्हाला पाहून त्यानं मान खाली घातली.

"सारे गेले असन न? मी जातो घरी चुपचाप."

"खुर्ची हाय न बापा तुह्यासाठी," म्हणत झिंगरूजींनी त्याच्या तोंडात गूळ घातला.

खुर्ची काढून ठेवावी म्हणून मी भराभर पुढे निघालो. झिंगरूजींनी माझा दंड धरून मला मागे ओढलं. लक्ष्मणला पुढे केलं.

"चाल तू हळूहळू," ते त्याच्या पाठीकडे पाहत म्हणाले. "मी हावो मांगं."