मामाचा कधीही न झालेला सिनेमा

"या प्रदर्शनात बिघडण्यासारखं मी काही ठेवलेलंच नाही!" भाच्याने घरी जाहीर केलं. त्याची आई लगेच खुर्ची ओढून बसली. लेक असं बोलला की बसलेलं बरं, हा तिचा अनुभव.

भाचा चित्रकार होता, पण चित्रं काढणं त्याने केव्हाच सोडलं होतं. आता तो वस्तूंची मांडणी करून त्यालाच कलाकृती म्हणायचा. या खेपेला त्याने मामाचा सिनेमा मांडला होता. मामाने तरुणपणी परग्रहावरच्या राणीची गोष्ट लिहिली, यानाची चित्रं काढली, पण निर्माते त्याला बघून रस्ता ओलांडू लागले. सिनेमा राहिला तो राहिलाच. भाच्याने त्या चित्रांवरून एका गोदामात अख्खं यान उभारलं. पुठ्ठ्याच्या भिंती, लुकलुकणारे दिवे, मधोमध दिग्दर्शकाची खुर्ची. दारावर पाटी: 'कधीही न झालेला सिनेमा'. मोठ्या संग्रहालयाच्या संचालिका येणार होत्या. त्यांनी यान संग्रहालयात घेतलं तर गंगेत घोडं न्हालं. नाहीतर भाच्याने वडिलांच्या रंगाच्या दुकानात बसायचं, असं घरात ठरलं होतं.

"मामा, तू खुर्चीत नुसतं बसायचंस. वाट बघत. काही करायचं नाही."

"वाट बघायची सवय आहे रे मला," मामा म्हणाला.

उद्घाटनाला कलेतली मंडळी जमली. काळे कपडे, निर्विकार चेहरे, बोलणं जेमतेम. मामा बराच वेळ बघत राहिला. समोर यान तयार, दिवे लागलेले आणि परग्रहवासी आपल्या पायांनी चालत आलेले! कुठल्या दिग्दर्शकाचे हात शिवशिवणार नाहीत? त्याने खिशातून मोबाइल काढला.

"शांतता! अहो उंच गृहस्थ, इकडे बघू नका!"

भाचा धावत मोबाइलसमोर आला. "मामा, काय करतोयस?"

"तू मधे येतोयस. सरक!"

मंडळींना वाटलं, हाही मांडणीचाच भाग. ती निमूटपणे सरकली, सांगितल्यावर पळालीसुद्धा. एक नामवंत समीक्षक इंजिन होऊन घरघरत राहिला. त्याचं इतकं स्पष्ट मत कोणी ऐकलं नव्हतं. राणी म्हणून मामाने नेमकं संचालिकाबाईंना गाठलं!

"मला अभिनय येत नाही हो."

"मरता तर येईल?"

बाई मेल्या. मामाचं समाधान होईना म्हणून पुन्हा मेल्या, आणि अशा मेल्या की इंजिनाने डोळे पुसले.

"झाला! सिनेमा झाला!" मामा ओरडला आणि भाच्याच्या गळ्यात पडून रडला.

बाईंनी कपडे झटकले, पाटी वाचली. "काम सुंदर आहे. पण न झालेला सिनेमा म्हणून आम्ही घेणार होतो. आता मी स्वतः त्यात मेले आहे. खोटं कसं बोलू?"

भाच्याने दारावरची पाटी काढून घेतली.

सकाळी बाईंचा फोन आला. "रात्री झोप लागली नाही. राणी जिवंत होते, असा पुढचा भाग होता का हो?"

"होता! लिहिलेला आहे, पण कधीच झाला नाही!"

"मग तोच मांडा. आम्ही घेऊ."

भाचा धावत मामाकडे पोचला. "मामा, दुसऱ्या भागाला हात लावू नकोस!"

मामाने ओठांवर बोट ठेवून दार किलकिलं केलं. आत वडील नखशिखान्त चंदेरी रंग फासून उभे होते. रंग दुकानातलाच, उत्तम प्रतीचा.

"बरं झालं आलास," वडील ओठ न हलवता म्हणाले. "शेवटचंच दृश्य राहिलंय, पण रंग वाळल्यामुळे मला हलता येत नाही. जा, दुकान उघड."