पूजेला बसलेला जॅक

तपासणीचे साहेब नेमके खंडेनवमीला येणार हे कळूनही सिद्धलिंगअण्णा डगमगले नाहीत. तुळजापूरजवळच्या, रेल्वे कंपनीच्या वाहनदुरुस्ती कार्यशाळेचे ते मुख्य कारागीर. अहवाल प्रतिकूल गेला तर कार्यशाळा सोलापूरला हलणार होती. परंतु मालमोटार लीलया उचलणारी लिफ्ट, चाकांची रेषा जुळवणारे यंत्र, हवेचा कंप्रेसर यांचा त्यांना पोटच्या लेकरांइतका अभिमान होता.

कृष्णराजसाहेब आले तेव्हा यच्चयावत अवजारे हळदीकुंकू लेवून, झेंडूच्या माळांखाली विराजमान झाली होती.

"लिफ्ट चालवून दाखवा," साहेब म्हणाले.

"आज न्हाय साहेब. पूजेला बसलीय. उद्या दसऱ्याला उठंल."

साहेब रागारागाने जीपकडे वळले, तो मागचे चाक बसलेले.

"व्यंकट, चाक बदल."

चालक व्यंकट खाली बघत म्हणाला, "आपला जॅक अन् पाना घरी पूजेला हाय, साहेब."

"मग इथला घे."

भांडार सांभाळणाऱ्या कस्तुराबाई पदर खोचून आडव्या आल्या. "हात लावू नगा. वीस वर्सांत म्या पूजा मोडू दिली न्हाय."

"आक्का, साहेब हायत," अण्णा कुजबुजले.

"असू द्या की. भवानीपेक्षा मोठे हायत व्हय?"

कार्यशाळेची धावती वाहने रुळांच्या कामावर गेलेली, आतली उघडून ठेवलेली. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याची अवजारेही पाटावरच होती. वाहन परत येईतो चार तास साहेबांना बसणे प्राप्त होते. कंटाळून त्यांनी भांडाराची वही मागितली आणि मांडलेली अवजारे तिच्याशी ताडून पाहू लागले. कोणता कामगार काय काय घरी नेतो हे ठाऊक असलेले अण्णा मागोमाग मनात मोजू लागले.

एकशे चौदा पाने, नऊ जॅक; एकही नग कमी नाही. कारण ज्याच्या घरी जे गेले होते, ते देवीच्या धाकाने आदल्या दिवशीच निमूट परतले होते.

पंधरवड्याने कंपनीचे पत्र आले. अण्णांनी ते सर्वांसमक्ष, ताठ मानेने वाचले: "संपूर्ण व स्वच्छ साधनसामग्री असलेली ही एकमेव कार्यशाळा होय. ती हलवू नये. कंपनीच्या सर्व कार्यशाळांनी यापुढे दरमहा खंडेनवमी पाळावी."

अण्णांचे डोळे पाणावले. कस्तुराबाईंनी मात्र पत्र उलटून मागची बाजू पाहिली.

"काय हुडकताव, आक्का?"

"त्या दिशी गाड्यांनी पंक्चर व्हायचं न्हाय, असं कुठं लिवलंय का बघते."