बिसनकाकांच्या दाताखालचा खडा

आमच्या एकोडीत कोणाला ऑपरेशनची तारीख मिळाली, की डॉक्टरच्या आधी आमचे शेजारी बिसनकाका तपासायला हजर होतात. गुडघेवाल्याला ते तलावाच्या पारीवर, उंच बांधावर चढवतात आणि त्याचं "अगं माय गं" ऐकत स्वतः मागून चालतात. मोतीबिंदूवाल्यापुढे सूप ठेवतात, त्यात गिरणीवरून आणलेले, न निवडलेले तांदूळ. पेशंटने निवडायचे आणि काकांनी त्याच तांदळाचा भात रांधून खायचा. दाताखाली जितके खडे, तितकी नजर अधू. ऑपरेशननंतर डोळा बरा झाला की पुन्हा तेच सूप, पुन्हा तोच भात.

"पयलेचं मोजलं नाही, त बरं झालं कसं समजन?" हा त्यांचा ठरलेला सवाल.

माझ्या आईपुढे सूप आलं तेव्हा ती भडकली. "बिसन, मले पाहाले आला का तू? लगनाच्या टायमालेबी कोनं तांदूळ निवडाले लावले नोते." तरी बसली निवडायला. त्या भाताने काकांची एक दाढ कायमची गेली. गाल धरून म्हणाले, "वहिनी, तुमाले ऑपरेशनची लय गरज आहे."

ऑपरेशन झाल्यावर आईचा एकच पाढा, काही फरक नाही. मग काकांनी दुसऱ्यांदा भात खाल्ला, एकही खडा न लागता. त्या दिवसापासून आई सुईत दोरा ओवून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची.

मागच्या वर्षी काकांच्याच डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. आमच्या म्हशीला ते "राम राम भाऊ" करू लागले. तारीख मिळाली, गेले नाहीत. दुसरी मिळाली, तीही घालवली. मी वैतागलो. "काका, आंधळे व्हायचंय का? काहून नाही गेले?"

"तांदूळ त निवडून ठेवले भाऊ," ते हळूच म्हणाले. "पन माहा भात खाईन कोन?"

बिसनकाकांची बायको वारल्यापासून त्या घरात दुसरं ताट मांडलं गेलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. त्याच दुपारी त्यांच्याकडे जेवायला बसलो. पहिल्याच घासाला कर्रकन खडा लागला.

"छान आहे भात," मी म्हणालो.

"लबाडी नोका करू. आवाज आला मले."

पुढच्या तारखेला मात्र ते मुकाट गेले. डोळा बरा झाल्यावर मी पुन्हा त्यांच्या घरी जेवलो. खडा नावालाही नव्हता, म्हणून आणखी भात मागून घेतला. काका माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. "तुमी लय म्हातारे दिसून राहिले, भाऊ."

मी हात धुतले. "झालं काका, आधीचंही मोजलं, नंतरचंही. सुटलो आपण."

ते ताट उचलून उगाच पुसत राहिले. "उद्याबी येजा जेवाले."

"उद्या आणखी काय मोजायचं?"

"मोजाचं काही नाही. एकट्यापुरता भात मांडनं मले अजून जमत नाही."